नववी मूठ

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सहायक पोलीस निरीक्षक लीलाधर बोरसे धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका गल्लीत, परक्या माणसाच्या ओट्यावर येऊन बसला. समोर तीसेक पावलांवर एक बैठे घर होते आणि त्याच्या बंद दारातून अर्धवट शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचा वास येत होता. घरात त्या दिवशी खानदेशातली देवी कानबाई बसायची होती, पुरण व्हायचे होते. ते सगळे मध्येच थांबले होते.

घर तोतारामआबांचे. त्यांचा धाकटा भाऊ कुंदन आदल्या दिवशी सुरतेहून आला होता. सकाळी दहा वाजता त्याने स्वयंपाकघरात शिरून शेगडी बंद केली, गॅसच्या टाकीची नळी सुरीने कापली आणि दाराला कडी लावली. सुना मुलांना घेऊन मागच्या दाराने पळाल्या, मग त्याने तेही लावून घेतले. आत राहिल्या दोघी : आबांची बायको कोकिळा आणि ऐंशीच्या पुढची, कानांनी गेलेली चुलती ताईबाई. कुंदनचा एक हात टाकीच्या चावीवर होता, दुसऱ्यात काडेपेटी होती. कोकिळाबाईंचा मोबाइल घेऊन त्याने आवाज मोठा करून पुढ्यात ठेवला होता, आणि आता बाहेरच्या जगाशी त्याला जोडणारा तेवढा एकच धागा उरला होता.

गल्ली रिकामी करून झाली होती. अग्निशमन दलाचा बंब कोपऱ्यावर उभा होता. उपअधीक्षक मॅडम विदर्भातून दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि लीलाधरला म्हणाल्या, "बोरसे, तुमचं ते नाशिकचं प्रशिक्षण आज वापरा."

ते प्रशिक्षण आठ दिवसांचे होते. ओलीस धरणाऱ्याशी एकानेच बोलायचे, दुसऱ्याने शेजारी बसून ऐकायचे आणि सुचेल ते चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायचे. खोटे बोलायचे नाही. घाई करायची नाही. आणि स्वतःचे घर त्या बोलण्यात आणायचे नाही. लीलाधरची निवड झाली तेव्हा ठाण्यात हशा पिकला होता. "बोरसे साहेब आरोपीला कंटाळा आणून शरण आणतील," असे हवालदार पंडित म्हणाला होता. तोच पंडित आज गुडघ्यावर वही ठेवून त्याच्या शेजारी बसला होता. लीलाधर मुळातच अबोल. पण अबोल माणसाला ऐकण्याची सवय असते, आणि या कामात तीच उपयोगी पडते, हे पंडितला एव्हाना कळून चुकले होते.

लीलाधरने खात्याचा फोन काढला, आवाज मोठा केला आणि लावला. पहिली घंटा पुरी होण्याआधीच तो उचलला गेला.

"कुंदनभाऊ, मी लीलाधर बोरसे. पोलीस खात्यातला. आत सगळे ठीक आहेत ना?"

"ठीक शेत," कुंदन अहिराणीत म्हणाला. "कोनी दार तोडानं नही. तोडं, त मंग मना भरोसा नही."

"कोणी तोडणार नाही. माझा शब्द."

पलीकडून म्हाताऱ्या ताईबाईंचा खणखणीत आवाज आला. "कुंदन, दाय कच्ची शे अजून. गॅस पेटाड ना."

"नही अक्का. आते नही."

"आख्खा दिन असाच जाई का? बसेल काय शे नुसता?"

"अक्का, गप बसा ना जराशा," कोकिळाबाईंचा रडवेला आवाज.

पंडितला हसू आवरेना; त्याने तोंडावर वही धरली. लीलाधरने मात्र त्या दोन शब्दांची मनात नोंद केली. आते नही. काडी ओढायला कोणी सांगत असतानाही हा माणूस ओढत नव्हता. त्याला काही जाळायचे नव्हते. त्याला काहीतरी विचारायचे होते, आणि विचारण्याची दुसरी कुठलीही रीत त्याच्याजवळ उरली नव्हती.

पहिला तास असाच गेला. पाणी आहे का, वहिनींना चक्कर तर येत नाही ना, खिडकी थोडी उघडता येईल का. कुंदन तुटक उत्तरे देत राहिला. त्याला काय हवे आहे, ते मात्र तो सांगेना. मग लीलाधरने तोतारामआबांना विचारले. आबा शेजारच्या भिंतीला टेकून बसले होते. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

"जागेचंच असेल, साहेब. दुसरं काय असणार? माय फाल्गुनात गेली. आता घरात वाटा मागायला आला असेल."

"तसं तो म्हणाला?"

"म्हणाला नाही. पण भाऊ कशासाठी भांडतात?"

इथे लीलाधरची चूक झाली. आबांचा अंदाज त्याने माहिती म्हणून घेतला. फोनवर तो म्हणाला, "कुंदनभाऊ, जागेविषयी बोलायचं असेल, तर आबा तयार आहेत. लेखी देतील."

फोनमधून गॅसचा एक बारीक, लांबट फुसकारा आला आणि कोकिळाबाईंची दबलेली किंकाळी. ओट्यावरचे सगळे उभे राहिले. लीलाधर मनात आकडे मोजू लागला. चारवर फुसकारा थांबला.

"जागा मांगाले मी वनूच नही," कुंदन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "जागा त्याले लखलाभ. तुम्ही बी त्यासनाच, साहेब." आणि फोन बंद झाला.

पंडितने चिठ्ठी सरकवली. 'जागा नाही. आज सकाळी काय झालं ते आबांना विचारा. वर्षभराचं नको.'

लीलाधर आबांच्या समोर जाऊन खाली बसला. "आबा, तो काल किती वाजता आला?"

"दिवस बुडायला."

"आणि आज सकाळी? एकेक गोष्ट सांगा. साधी असली तरी."

आबा आठवू लागले. "चहा झाला. सुनांनी डाळ चढवली. माझ्या नातवानं आजीला विचारलं, रोटाच्या मुठी किती पडल्या? ही म्हणाली, आठ. कुंदननं विचारलं, आणि मनी मूठ? मी म्हटलं, तुना रोट तुना घर. बस, एवढंच. मग तो उठून आत गेला. भांडण काही झालंच नाही, साहेब."

लीलाधरने डोळे मिटून घेतले.

"कसल्या मुठी?" मॅडमनी विचारले.

पंडितने सांगितले. कानबाईच्या नैवेद्याला, रोटाला, लागणारे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात. प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही पडते. रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला घास नाही. भाऊ वेगळा निघाला, त्याची चूल वेगळी झाली, की त्याची मूठ त्याच्या घरी.

"आठ म्हणजे आबा, तीन मुलगे, चार नातू," लीलाधर हळूच म्हणाला. "आजवर कुंदनची मूठ कोण टाकत होतं?"

"माय टाकायची," आबा म्हणाले. "मुठी मायच मोजायची. ती गेली, म्हणून यंदा हिनं मोजल्या. पहिलीच वेळ." ते थोडे थांबले, आणि मग त्यांचा आवाज कडवट झाला. "माय गेली तेव्हा आम्ही त्याला चाळीस फोन केले. नंबर बंद. खांदा द्यायला आला नाही. त्याची कसली मूठ मोजायची?"

"मग सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "नववी मूठ टाकली म्हणून सांगा. गहू आत्ता मागवते."

त्या हलक्या मनाने बोलत नव्हत्या. दोन बायकांचे प्राण आत अडकले होते. पण आबांनी मान हलवली. "तसं होत नाही, ताई. रोटासाठी काल दुपारीच, तो यायच्या आधी, चक्की धुतली होती. रोटाचं दळण झालं, की तिच्यावर बाकीचं धान्य निघतं. आता टाकलेली मूठ नुसते गहू. त्यालाही ते ठाऊक आहे."

लीलाधर पुन्हा ओट्यावर येऊन बसला. चाळीसगाव तालुक्यातले आपले घर त्याला आठवले. पितळी परातीसमोर बसलेली आई, आणि मूठ सोडताना तिने उच्चारलेले एकेक नाव. लीलाधर हे नाव तिच्या तोंडून परातीत पडे, तेव्हा गव्हाचा आवाज होई. आई जाऊन सात वर्षे झाली होती. त्याच्या आधीपासूनच कानबाईचे हे दोन दिवस, रविवार-सोमवार, तो कुठल्या ना कुठल्या बंदोबस्तावर उभा असे. आज कानबाईचा रविवार आहे हे त्याला माहीत होते; पण रस्ते आणि मिरवणुका यांच्या हिशेबाने माहीत होते. घराच्या हिशेबाने नव्हे. म्हणूनच दारातून येणारा वास ओळखूनही त्याला काही सुचले नव्हते.

त्याने फोन लावला. या वेळी पाच घंटा गेल्या.

"कुंदनभाऊ, जागानं ते मी चुकीनं बोलनू. मुठी किती पडन्यात?"

पलीकडे मोबाइल जवळ ओढल्याचा आवाज आला. साहेब अहिराणीत बोलला याचे त्याला नवल वाटले असावे. लीलाधरलाही स्वतःच्या तोंडातले ते शब्द अनोळखी वाटले. सरकारी निवासातल्या दोन खोल्यांत तो ही भाषा कोणाशी बोलणार होता?

"आठ," कुंदन म्हणाला.

"आणि तुनी?"

"मनी नही." मग तो बोलू लागला. थांबून थांबून, कधीतरी पाठ केलेले आठवावे तसे. "सुरतमां एका खोलीमां आम्ही सात जन ऱ्हातस. पाळीपाळीनं झोपतस. मी उठनू की मनी जागावर दुसरा झोपस. तठे कोनता रोट करू, साहेब? पन माले वाटे, घर माय मूठ टाकस. मी ये का नको ये, टाकस. तेवढं एक व्हतं. आते नही. मूठ फक्त मरेलनी नही टाकतस ना? मंग मी मरी गयू का? तेच इचारानं शे माले."

पंडितची पेन्सिल थांबली होती.

"तुम्ही कोठला, साहेब?"

"चाळीसगावकडला."

"घर रोट शेत?"

"शेत."

"तुमनी मूठ पडस?"

हो म्हणणे अगदी सोपे होते. पण हो म्हटले असते, तर आतला माणूस अधिकच एकटा झाला असता; आणि नाही म्हणायला, खरे काय ते लीलाधरला ठाऊक नव्हते.

"माहीत नही," तो म्हणाला.

"कधी इचारं नही?"

"नही."

"मंग इचारा. आते. माले ऐकू द्या."

पंडितने घाईने चिठ्ठी सरकवली. 'नको. उत्तर काय येईल सांगता येत नाही.' मॅडमनीही लांबूनच हाताने नकार दिला. लीलाधरने चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. पंडितचे म्हणणे बरोबर होते. पण त्याला हेही दिसत होते, की आत टाकी नसती, काडेपेटी नसती, तरीही हा प्रश्न आपण आयुष्यभर विचारला नसता. भीती त्या घरातली नव्हती. ती त्याची स्वतःचीच होती. त्याने मॅडमकडे पाहिले आणि म्हणाला, "खोटं सांगितलं तर त्याला कळेल. तो सकाळपासून तेवढंच ऐकतोय." मॅडमनी नकाराचा हात खाली घेतला. त्याने ती परवानगी मानली, आपला मोबाइल काढला, आवाज मोठा केला आणि दोन्ही फोन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

गावी, भावाच्या घरी, वहिनींनी फोन उचलला. मागे मिक्सर फिरत होता, बायका हसत होत्या.

"लीलाधर भाऊ? आज कसा काय सूर्य उगना? थांबा, मना हात पुरनना शेत. अगं, तो गॅस बारीक कर. हा, बोला."

"वहिनी, एक इचारानं व्हतं. यंदा मनी मूठ टाकी का?"

त्या हसल्या. मनापासून, मायेने. "तुमनी? तुमना रोट तठे धुळाले ना, भाऊ. तुमनी दीपमाला करत व्हई. मी तिले दोन डाव फोन कया, पन उचलस कोठे? नोकरीवाली शे, बिझी व्हई. एका मानूसनी मूठ दोन घर पडस नही, म्हनीसन नही टाकी. काबर? चुकनं का मनं?"

मॅडम, पंडित, बंबावरचे जवान, मांडीवर टोपी घेतलेले आबा, सगळे त्या लहानशा काळ्या यंत्राकडे पाहत होते. इथेच थांबता आले असते. नाही वहिनी, सहज विचारले, एवढे म्हणून फोन ठेवता आला असता. गेली तीन वर्षे घरचा विषय निघाला, की त्याने दर वेळी असाच काढता पाय घेतला होता.

"वहिनी, दीपमाला आठे नही," तो म्हणाला. "तीन वरीस व्हई गयात. फारकतीना कागद बी व्हई गयात. ती नाशिकले ऱ्हास. आठे मी एकलाच शे. आठे रोट व्हतस नही."

मिक्सर बंद झाला.

"तीन वरीस?"

"हा."

"आणि दोन डाव दिवाळीले साडी वनी ती? दीपमालानी धाडी, म्हनेत तुम्ही."

"मीच लिन्ही व्हती."

"दोन्ही डाव?"

"दोन्ही डाव."

पलीकडे कोणीतरी काहीतरी विचारले, आणि वहिनींनी त्या व्यक्तीला गप्प केले. परत बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. "माले माहीत राहतं, भाऊ, त पहिली मूठ तुमनी टाकती मी. आते पीठ मळी ठेवं. आते काय करू?"

"काही नका करू. तुमनं चुकनं नही. मी सांगंच नव्हतं."

त्याने फोन बंद केला. कोणाकडेही न पाहता तो समोरच्या दाराकडे पाहत राहिला.

मग दुसऱ्या, कुंदनशी जोडलेल्या फोनवर कोकिळाबाईंचा आवाज आला. त्या बाहेरच्यांशी बोलत नव्हत्या. "कुंदन, मी बी असंच समजनी रे. तुना फोन लागे नही. माय गई तवय बी नही लागना. माले वाटनं, तू, तुनी बायको, पोरं, सुरतलेच करी राहिनात. तुनं नाव मना तोंडवर वनं व्हतं. हात थांबना मना. मंग म्हटं, दोन घर मूठ नको."

"बायको त कवयनीच गई," कुंदन म्हणाला. "पोरं बी लई गई. दोन वरीस व्हई गयात."

"मंग सांगं काबर नही?"

"काय सांगू? कोनले सांगू? लाज वाटे, म्हनीसन नंबर बदली टाका." त्याचा आवाज फुटला. "माय गई ते माले मागला महिनामां समजनं, वहिनी. एका गाववालाकडथीन. रस्तावर."

भिंतीजवळ बसलेले आबा हे ऐकत होते. त्यांनी मांडीवरची टोपी उचलली, उलटी धरली आणि तिच्यात पाहत बसले.

बराच वेळ फोनवर नुसते रडणे ऐकू येत होते. कोणाचे, ते वेगळे काढता येत नव्हते.

"साहेब," शेवटी कुंदन म्हणाला, "माले मारतीन का?"

"नही. मी दारसमोर उभा राहसू. पहिले काडेपेटी खिडकीमाईन बाहेर टाक. मंग चावी बंद शे का ते पाह्य. खिडक्या उघड. मंग वहिनी, मंग अक्का, मंग तू."

काडेपेटी खिडकीच्या गजांतून बाहेर पडली आणि अंगणातल्या तुळशीपाशी उघडी पडली. पाच मिनिटांनी दार उघडले. कोकिळाबाई बाहेर आल्या आणि पायरीवरच बसल्या. त्यांच्यामागून ताईबाई आल्या, अंगणात जमलेल्या खाकी कपड्यांकडे पाहून कपाळाला आठी घातली आणि जवळच्या शिपायाला म्हणाल्या, "तुम्ही इतला जन जेवाले शेत का? दाय त कच्चीच शे." कुंदन शेवटी आला. लीलाधरला वाटला होता त्यापेक्षा तो बारीक होता, आणि केस पार पिकले होते. त्याने दोन्ही हात वर केले होते. लीलाधरने ते धरून हळूच खाली घेतले.

आबा उठून पुढे आले. भावासमोर उभे राहिले. मग म्हणाले, "जेवना का काही?"

"कालपासून अन्नाचा कण नाही त्याच्या पोटात," पायरीवरून कोकिळाबाई लीलाधरला म्हणाल्या. "साहेब, खाऊ घालून न्या." आणि तेवढे बोलून त्या अडखळल्या. घरात आज रोटाशिवाय दुसरे अन्न शिजणार नव्हते. आणि ज्याची मूठ त्यात नाही, त्याने तो खावा की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते सांगणारी माय आता राहिली नव्हती. शेवटी शेजारणीने सकाळची भाकर आणि वांग्याची भाजी कागदात बांधून दिली.

गुन्हा दाखल होणारच होता. ते लीलाधरने कुंदनला गाडीत बसण्यापूर्वीच सांगितले. कोकिळाबाई जबाब काय देतील आणि न्यायालय काय ठरवेल, ते पुढचे पुढे. कुंदनने मान डोलावली. तो मागच्या बाकावर लीलाधरच्या शेजारी बसला. पंडित पुढे बसला होता आणि आज प्रथमच त्याला थट्टा सुचत नव्हती. गाडी पांझरेच्या पुलाकडे निघाली. रस्त्यावर कानबाईसाठी डोक्यावर पाट घेतलेल्या, हिरव्या पातळातल्या बायका घाईघाईने घरी जात होत्या. कुंदनने कागद सोडला, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक लीलाधरपुढे धरला.

"तुम्ही बी जेवेल नही, साहेब."

आरोपीच्या हातचे खाणे कोणत्याही नियमात बसत नव्हते. लीलाधरने तुकडा घेतला. भाकर गार आणि कडक झाली होती. दोघेही ती बराच वेळ चावत राहिले.

पुलावर असताना लीलाधरचा फोन वाजू लागला. त्याने नाव पाहिले. घर. तो फोन हातात धरून खाली नदीच्या गढूळ पाण्याकडे पाहत राहिला.

"उचला ना," कुंदन म्हणाला.

"ठाण्याले पोचनू की करसू."

"मी बी असंच म्हने. खोलीवर गयू की करसू."

फोन वाजतच होता. पंडितने मागे वळून पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केले. पूल संपता संपता लीलाधरने फोन कानाला लावला. पलीकडे ताटे मांडल्याचा, मुलांचा, पाणी ओतल्याचा आवाज होता. कोणीतरी त्याच्या बोलण्याची वाट पाहत होते.

"हां, वहिनी," तो म्हणाला; आणि सकाळी अकरापासून एका अनोळखी माणसाशी बोलत आलेल्या त्याला, यापुढे काय बोलायचे असते, ते आठवेना.